एका पायाचे स्टूल : उष्णता, वेळ आणि नायट्रोग्लिसरीनचा इतिहास

१/
स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्डीर नावाचे ठिकाण आहे. वाळूच्या टेकड्या, समुद्रावरचा वारा आणि विरळ वस्ती. १८७३ मध्ये आल्फ्रेड नोबेलचा डायनामाइटचा कारखाना तेथे सुरू झाला. त्या कारखान्यातील एका कामगाराला बसण्यासाठी एकाच पायाचे स्टूल दिलेले असे. समोर शिशाचे मोठे पात्र, पात्रात बुडवलेला तापमापक, आणि काम एवढेच की तापमापकावरची नजर ढळू द्यायची नाही. डुलकी लागली की स्टूल कलंडणार आणि माणूस जागा होणार.

२/
हे स्टूल आज संग्रहालयातील गमतीची वस्तू वाटते. परंतु रसायन उद्योगाचा एक मूलभूत प्रश्न त्या एका पायावर तोललेला होता. एखादी अभिक्रिया किती वेळात पुरी करावी, आणि त्या वेळात उत्पन्न होणारी उष्णता पात्राबाहेर कशी काढावी? या प्रश्नाचे उत्तर सापडण्यास जवळजवळ ८० वर्षे लागली. त्याची किंमत अनेकांनी प्राणांनी चुकवली, आणि त्यांत खुद्द नोबेल घराण्यातील एक तरुण होता. हा धागा त्या ८० वर्षांचा आणि त्यानंतरच्या एका शनिवारचा.

३/
आरंभ १८४७ मध्ये, इटलीतील तुरिन येथे. आस्कानियो सोब्रेरो हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसमध्ये पेलूझ यांच्या हाताखाली शिकून परतला होता. संहत नत्राम्ल आणि संहत गंधकाम्ल यांचे मिश्रण थंड ठेवून त्यात त्याने ग्लिसरीन सोडले. तयार झालेला तेलकट द्रव त्याने किंचित जिभेवर घेतला, तो डोके भयंकर दुखू लागले. अल्पशा प्रमाणात तापवला, तर स्फोट झाला. एका स्फोटाने त्याच्या चेहऱ्यावर कायमचे व्रण उमटले. हेच नायट्रोग्लिसरीन. सोब्रेरोला आपल्या शोधाचा अभिमान वाटण्याऐवजी धाक वाटत राहिला.

४/
कृती कागदावर अतिशय साधी आहे. ग्लिसरीनच्या एका रेणूशी नत्राम्लाचे तीन रेणू संयोग पावतात. नायट्रोग्लिसरीनचा एक आणि पाण्याचे तीन रेणू तयार होतात. हे पाणी शोषून घेण्यासाठी गंधकाम्ल असते. संयोग होताना उष्णता बाहेर पडते, आणि गंधकाम्लात पाणी मिसळतानाही उष्णता बाहेर पडते. म्हणजे एकाच पात्रात उष्णतेचे दोन झरे. आणि त्याच पात्रात, त्याच उष्णतेच्या सान्निध्यात, जगातील अत्यंत तापट स्फोटक साठत जाते.

५/
सोब्रेरोच्या हातात लहानशी चंचू होती, भोवती बर्फ होते आणि घाई कसलीच नव्हती. त्यामुळे उष्णतेचा प्रश्न जाणवला तरी तो आटोक्यात राहिला. पुढची १५ वर्षे हा द्रव प्रयोगशाळेतील कुतूहल म्हणूनच राहिला. सेंट पीटर्सबर्गमध्ये प्राध्यापक झिनिन यांनी त्याचा थेंब ऐरणीवर ठेवून, हातोडा मारून त्याची शक्ती नोबेल पितापुत्रांना दाखवली. पिता इमॅन्युएल आणि पुत्र आल्फ्रेड यांच्या डोळ्यांसमोर मात्र खाणी, बोगदे आणि रेल्वे होती.

६/
त्या काळाची निकड समजण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईहून पुण्याकडे जाणारा बोरघाटाचा लोहमार्ग याच वर्षांत खोदला जात होता. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाट वाहतुकीस खुला झाला. सह्याद्रीच्या काळ्या कातळातून २५ बोगदे काढले गेले, ते पहार, सुरुंग आणि साध्या बंदुकीच्या दारूवर. त्याहून जोरकस असे दुसरे काही बाजारात नव्हते. युरोप आणि अमेरिकेतही हीच स्थिती होती. जो कोणी नायट्रोग्लिसरीन मणांनी तयार करून देईल, त्याच्या दारी रेल्वे कंपन्या रांग लावणार होत्या.

७/
इमॅन्युएल आणि आल्फ्रेड यांनी स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथे एका शेडमध्ये उत्पादन सुरू केले. आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल तेथे मदतीला असे. वय २०. ३ सप्टेंबर १८६४ रोजी सकाळी ती शेड उडाली. एमिल ठार झाला. त्याच्यासोबत काम करणारा हर्ट्झमन नावाचा तरुण तंत्रज्ञही गेला. मृतांत एक हरकाम्या मुलगा, एक मोलकरीण आणि एक सुतार यांचाही समावेश होता.

८/
चौकशीत वडिलांनी दिलेल्या स्पष्टीकरणाचा आशय असा होता की मुलगा कृती अधिक सोपी करण्याचे प्रयोग करीत होता आणि तापमानाकडे हवे तेवढे लक्ष राहिले नाही. म्हणजे दोष मेलेल्या मुलाकडे गेला. काही महिन्यांतच इमॅन्युएल यांना पक्षाघाताचा झटका आला. इतिहासात ही घटना ‘निष्काळजीपणा’ या एका शब्दात मिटवली गेली. परंतु प्रश्न उरतोच : पाच मिनिटांचे दुर्लक्ष इतके महाग का पडावे? दूध उतू गेले तर चूल विझते. येथे पाच माणसे का जावीत?

९/
उत्तराचा पहिला भाग भूमितीत आहे. चुलीवरून उतरवलेल्या हंड्यातील पाणी बराच वेळ कढत राहते. तेच वाटीत काढले तर काही मिनिटांत कोमट होते. पाणी तेच, हवा तीच. फरक एवढाच की वाटीतील थोड्या पाण्याला त्या मानाने पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. उष्णता उत्पन्न होते ती संपूर्ण घनफळात. बाहेर पडते ती मात्र केवळ पृष्ठभागातून.

१०/
आकडे घेऊन पाहता येईल. १ लिटरच्या पात्राऐवजी त्याच आकाराचे १,००० लिटरचे पात्र घेतले, तर लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी १० पट होते. घनफळ १,००० पट, पण पृष्ठभाग केवळ १०० पट. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी थंड भिंत पूर्वीच्या एक दशांश. प्रयोगशाळेत जे काम ६ मिनिटांत सुरक्षितपणे उरकत होते, त्याची उष्णता त्याच भिंतीतून काढायची तर मोठ्या पात्रात १ तास लागेल. माल वाढवला की वेळही वाढवावा लागतो. ही गोष्ट १८६४ मध्ये कोणीही गणिताने मांडलेली नव्हती.

११/
उत्तराचा दुसरा भाग वेळेच्या मोहात आहे. घाण्याने चालणाऱ्या पात्रात, म्हणजे एकदा भरले, अभिक्रिया झाली, रिकामे केले, पुन्हा भरले अशा रीतीत, रूपांतर आरंभी झपाट्याने होते आणि पुढे रेंगाळते. समजा निम्मा कच्चा माल १० मिनिटांत रूपांतरित होतो. पुढच्या १० मिनिटांत उरलेल्याचा निम्मा, त्यापुढच्या १० मिनिटांत त्याचा निम्मा. ९४ टक्क्यांच्या जवळ जाण्यास ४० मिनिटे पुरतात, पण ९९.९ टक्के गाठण्यास सुमारे १०० मिनिटे लागतात. अखेरचे सहा टक्के मिळवण्यासाठी एक तास खर्ची पडतो.

१२/
मालकाला हा तास डोळ्यांत खुपतो. आणि तो वाचवण्याचा उपाय अगदी हाताशी असतो : थोडे गरम होऊ द्या. अनेक अभिक्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो, कधी त्याहूनही अधिक. १०० मिनिटांचे काम ५० मिनिटांत. दिवसाला दुप्पट घाणे. ज्या वस्तूसाठी रेल्वे कंपन्या वाट पाहत होत्या, तिच्या बाबतीत हा मोह किती मोठा असेल याची कल्पना सहज करता येते.

१३/
तथापि वेग दुप्पट झाला म्हणजे उष्णताही दुप्पट वेगाने निघणार. आणि थंड करणारे पाणी मात्र तेवढ्या वेगाने साथ देत नाही. ते केवळ तापमानातील फरकाच्या प्रमाणात उष्णता वाहून नेते. समजा पाणी ५ अंशांचे आहे आणि २० अंशांवर दोन्ही बाजू बरोबर जुळलेल्या आहेत. ३० अंशांवर उष्णतेची आवक २ पट, जावक १.६७ पट. ४० वर आवक ४ पट, जावक २.३३ पट. ५० वर आवक ८ पट, जावक जेमतेम ३ पट. एकदा आवक पुढे गेली की पात्र आपणच आपल्याला तापवू लागते, आणि प्रत्येक अंश पुढच्या अंशाला अधिक लवकर बोलावतो.

१४/
म्हणून हेलेनेबोर्गमधील ‘दुर्लक्ष’ दुधाच्या दुर्लक्षासारखे नव्हते. दूध उतू जाते ते बाहेरच्या जाळामुळे. जाळ काढला की शांत होते. येथे जाळ पात्राच्या आतच होता आणि तापण्यानेच वाढत होता. एमिलला हे ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्याच्या काळच्या कोणत्याही ग्रंथात ते लिहिलेले नव्हते.

१५/
आल्फ्रेड थांबला नाही. स्टॉकहोम शहरात उत्पादनास मनाई झाली, तेव्हा त्याने मॅलारेन सरोवरात नांगरलेल्या एका तराफ्यावर काम चालू ठेवले. भावाच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १८६४ मध्ये, नायट्रोग्लिसरीन आक्तिबोलागेट ही कंपनी स्थापन झाली. स्टॉकहोमच्या रेल्वे बोगद्यासाठी हेच स्फोटक वापरले गेले. १८६६ मध्ये हॅम्बर्गजवळील क्रुमेलचा कारखाना उडाला. १८६७ मध्ये आल्फ्रेडने नायट्रोग्लिसरीन सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट केले आणि वाहतुकीचा धोका पुष्कळ कमी झाला. पण डायनामाइटसाठी आधी नायट्रोग्लिसरीन लागतेच. पात्रातील धोका जागच्या जागी राहिला.

१६/
अमेरिकेत याच सुमारास एका माणसाने निराळी वाट धरली. मॅसॅच्युसेट्समधील हूसॅक बोगदा सुमारे साडेसात किलोमीटर लांबीचा. कित्येक वर्षे रखडलेला. जॉर्ज मोब्रे याने १८६८ मध्ये बोगद्याजवळच नायट्रोग्लिसरीनचा कारखाना थाटला. एका मोठ्या पात्राऐवजी त्याने दगडी बरण्यांच्या रांगा मांडल्या. बरण्या बर्फाच्या पाण्याच्या हौदांत उभ्या. वरून ग्लिसरीनची बारीक धार. आत हवेचे बुडबुडे सोडून सतत ढवळणे. लहान बरणी म्हणजे प्रत्येक लिटरला भरपूर थंड भिंत. मोब्रेने सूत्र लिहिले नाही, पण भूमितीचा धडा त्याच्या हातांना उमगला होता. १८७५ मध्ये त्या बोगद्यातून आगगाडी गेली.

१७/
आर्डीरला मात्र माल फार मोठ्या प्रमाणावर हवा होता. बरण्यांनी भागणारे नव्हते. म्हणून मोठ्या पात्रात भिंत वाढवण्याची युक्ती केली गेली. शिशाच्या नळ्यांची वेटोळी पात्राच्या आत बसवून त्यांतून थंड पाणी खेळवले. खालून दाबाखालची हवा सोडून मिश्रण घुसळत ठेवले, कारण न ढवळलेल्या द्रवात उष्णता जागीच साचते आणि तापमापक भलत्याच ठिकाणचे तापमान सांगतो. इमारतींभोवती वाळूचे बांध घातले, जेणेकरून एक उडाली तर शेजारची वाचावी. द्रव पंपाने न ढकलता उतारावरून वाहू दिला. या उंचवट्यांवर काम करणाऱ्यांना ‘टेकडीवरची माणसे’ असे नाव पडले.

१८/
सर्वांत महत्त्वाची युक्ती ग्लिसरीनच्या तोटीत होती. सारे ग्लिसरीन एकदम न ओतता ते बारीक धारेने सोडायचे. आम्ल आधीच भरपूर असल्याने आलेले ग्लिसरीन जवळपास लगेच संयोग पावते. मग उष्णता किती वेगाने निघावी हे रसायन ठरवत नाही, तोटी ठरवते. तोटी बंद केली की आवक थांबते. घाण्याला लागणारा वेळ म्हणजे वास्तविक नळ्यांमधील पाण्याला ती उष्णता वाहून नेण्यास लागणारा वेळ. एका पायाच्या स्टुलावरचा माणूस तापमापक पाहून तोटी सांभाळीत असे. तो त्या आवक-जावकेचा हिशेबनीस होता.

१९/
त्याला वागण्यास जागा फार थोडी होती. पात्र साधारण २२ ते २५ अंशांच्या खाली ठेवायचे. ३० च्या सुमारास धोक्याची सीमा. तांबूस वाफा दिसू लागल्या की विघटन सुरू झाल्याची खूण. दुसऱ्या टोकाला फार थंड करणेही धोक्याचे, कारण नायट्रोग्लिसरीन सुमारे १३ अंशांना गोठते. शिवाय थंडीत अभिक्रिया मंदावली तर न वापरलेले ग्लिसरीन पात्रात साठते, आणि पुढे ऊब मिळताच ते सारे एकदम पेट घेते. थंड म्हणजे सुरक्षित, ही सोपी समजूत येथे घात करते. खरी सुरक्षितता १० अंशांच्या अरुंद पट्टीत होती.

२०/
आणि तरीही तापमान चढू लागले तर? प्रथम तोटी बंद. मग हवा वाढवायची. तरी काटा वर जातच राहिला तर तळाची झडप उघडून सारा घाणा खालच्या पाण्याने भरलेल्या प्रचंड हौदात सोडून द्यायचा आणि धावत सुटायचे. दिवसाचा माल बुडाला तरी चालेल. हा निर्णय घेण्याचा अधिकार स्टुलावरच्या माणसाला होता, कारण साहेबाला विचारून येण्याइतका वेळ मिळणारच नव्हता. कामगाराच्या हाती एवढी सत्ता त्या काळच्या उद्योगात विरळाच होती; आणि ती दयेपोटी नव्हे, उष्णतेच्या वेगामुळे मिळाली होती.

२१/
आता शास्त्र मागून येऊ लागले. १८८४ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ व्हांट हॉफ यांनी अभिक्रियांच्या वेगावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी तापमान आणि वेग यांचे नाते सूत्रात मांडले : तापमान सरळ रेषेत चढते, तर वेग घातांकी रीतीने. हेलेनेबोर्गच्या शेडमध्ये २५ वर्षांपूर्वी जे घडले, त्याचे अर्धे गणित प्रथमच कागदावर आले. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक व्हांट हॉफ यांना मिळाले, ते रासायनिक गतिकीच्या नियमांसाठी आणि परासरण दाबावरील कामासाठी. १९०३ चे अऱ्हेनियस यांना मिळाले, मात्र विद्युत अपघटनाच्या सिद्धांतासाठी.

२२/
उरलेले अर्धे गणित १९२८ मध्ये लेनिनग्राडच्या निकोलाय सेम्योनोव यांनी पुरे केले. त्यांनी एकाच आलेखावर दोन रेषा काढल्या. उष्णतेची आवक दाखवणारी वक्र रेषा वर वर उसळत जाते. जावक दाखवणारी सरळ रेषा संथपणे चढते. दोन्ही एकमेकींना छेदतात तोवर पात्राला विसाव्याचा एक बिंदू असतो. सरळ रेषा वक्र रेषेला केवळ स्पर्श करते, ती अखेरची स्थिती. त्यापलीकडे विसावा नाही. स्फोट आहे, आणि तो टाळणे कोणाच्याही दक्षतेच्या हाती राहत नाही.

२३/
या आलेखातून निघणारा एक आकडा अंगावर काटा आणतो. पात्र आपल्या थंड भिंतीपेक्षा किती अंश गरम झाले की सीमा ओलांडली जाते? सेम्योनोव यांच्या सूत्रानुसार, सक्रियण ऊर्जा प्रति मोल १०० किलोज्यूल धरली आणि तापमान खोलीइतके धरले, तर उत्तर येते सुमारे साडेसात अंश. केवळ साडेसात. आर्डीरच्या कामगाराने २२ आणि ३० या दोन आकड्यांमध्ये जी अरुंद पट्टी राखली होती, तिच्याशी हा आकडा फटकून नाही. अनुभवाने जे रक्त सांडून शिकवले, ते सूत्राने एका ओळीत सांगितले.

२४/
सेम्योनोव यांना १९५६ मध्ये ब्रिटनच्या हिन्शेलवुड यांच्यासह अभिक्रियांच्या यंत्रणांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या माणसाच्या भावाचा बळी अशाच पात्राने घेतला, त्याच्याच नावाचे पारितोषिक त्या पात्रांचे गणित सांगणाऱ्यांच्या हाती गेले. या योगायोगात एक न्यायही आहे. चौकशीत एमिलकडे दोष गेला होता. सेम्योनोव यांच्या आलेखात ‘निष्काळजीपणा’ नावाची रेषा नाही. तेथे घनफळ, पृष्ठभाग, वेग आणि भिंतीचे तापमान आहे. पात्राची जावक-रेषा मुळातच तोकडी असेल, तर सर्वांत जागरूक माणूसही एक दिवस हरतोच.

२५/
मग उद्योगाने काय केले? १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत श्मिड यांनी आणि १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये मारिओ बियाझ्झी यांनी घाण्याची पद्धतच सोडली. आम्ल आणि ग्लिसरीन एका बाजूने सतत आत, माल दुसऱ्या बाजूने सतत बाहेर. पात्र लहान आणि नळ्यांनी खच्चून भरलेले. १९५० च्या दशकात स्वीडनमधील ग्युट्टॉर्प येथे त्याहून पुढचे पाऊल पडले. थंड आम्लाच्या वेगवान झोतातच ग्लिसरीन ओढून घ्यायचे. संयोग क्षणार्धात, आणि लगेच शीतक नळ्यांतून पुढे. तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत जाऊ दिले तरी चालते, कारण त्या तापमानात माल काही क्षणच राहतो. माणूस दूर, बांधापलीकडे बसतो.

२६/
ही ग्युट्टॉर्पची कंपनी कोणती? नायट्रोग्लिसरीन आक्तिबोलागेट. एमिलच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांत स्थापन झालेली तीच. माल भराभर हवा, हा १८६४ चा हट्ट अखेर पुरा झाला, पण पात्र तापवून नव्हे. पात्र लहान करून. एकाच वेळी धोक्यात असलेला माल कमी, प्रत्येक लिटरला भिंत जास्त. मोब्रेच्या बरण्यांचाच हा सुधारलेला अवतार म्हणता येईल.

२७/
गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. १० जुलै १९७६, शनिवार. इटलीतील मेदा येथील इक्मेसा कारखान्यात ट्रायक्लोरोफिनॉलचा एक घाणा चालू होता. साप्ताहिक सुटीसाठी कारखाना बंद करायचा म्हणून पहाटे घाणा अर्ध्यावर सोडला गेला. अभिक्रिया आटोपली होती, पण द्रावक काढून टाकण्याचे काम अपुरे होते. तापमान १५८ अंश. ढवळणे थांबवले, आणि पाळी घरी गेली. दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी सुरक्षा-चकती फुटली आणि डायॉक्सिनयुक्त ढग शेजारच्या सेवेसो गावावर उतरला.

२८/
१५८ अंशांवर हा द्रव तास न् तास शांत राहायला हवा होता. नंतरच्या अभ्यासातून पुढे आलेले स्पष्टीकरण उष्णतेच्या वहनाचेच आहे. तापवणारी वाफ त्या दिवशी नेहमीपेक्षा फार गरम, ३०० अंशांच्या जवळ होती. त्यामुळे द्रवाच्या पातळीवरची कोरडी भिंत तशीच तापून राहिली. ढवळणे चालू असते तर तिची उष्णता साऱ्या द्रवात पसरून विरली असती. ते बंद असल्याने वरचा पातळ थरच तापत गेला, त्यात मंद अभिक्रिया जागी झाली, आणि सात-साडेसात तासांनी तिने उसळी मारली. तापमापक मात्र खालच्या शांत द्रवाचे आकडे सांगत राहिला असता. स्टुलावर तर कोणी नव्हतेच.

२९/
त्या ढगाने तत्काळ कोणी मेले नाही. पण पाळीव जनावरे हजारोंनी गेली अथवा मारावी लागली, सुमारे २०० जणांना, बहुतेक मुलांना, क्लोरॅक्नी हा त्वचारोग झाला, आणि कित्येक कुटुंबांना घरे सोडावी लागली. १९८२ मध्ये युरोपीय समुदायाने धोकादायक उद्योगांसाठी जो कायदा केला, तो सेवेसोच्याच नावाने ओळखला जातो. १८६४ मध्ये चौकशी एका माणसाच्या चुकीपाशी थांबली होती. आता कारखान्याने धोका आधी ओळखून लिहून काढावा आणि शेजाऱ्यांना सांगावा, अशी अपेक्षा कायद्यात आली.

३०/
घाण्याची पद्धत मात्र संपलेली नाही, आणि संपणारही नाही. औषधे, रंग, कीटकनाशके यांचा माल थोडा आणि प्रकार अनेक. त्यांना बॅच रिॲक्टरच सोयीचे पडते. तारापूर, महाड, लोटे येथील औद्योगिक वसाहतींत आजही अशी पात्रे चालतात : बाहेरून जॅकेट, त्यात थंड पाणी किंवा ब्राइन, आत ढवळणी, वर तोटी. पात्र बदलले, तापमापकाचे आकडे पडद्यावर आले, पण आवक आणि जावक यांचा हिशेब तोच आहे. घाणा लवकर उरकण्याचा मोहही तोच.

३१/
एमिल नोबेलच्या नावे पारितोषिक नाही. आर्डीरच्या स्टुलावर बसलेल्या बहुतेकांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. पण प्रत्येक मोठ्या पात्रापाशी एक प्रश्न त्यांनी ठेवून दिला आहे : ही उष्णता बाहेर पडण्यास किती वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिला दिला आहे का? हा प्रश्न पात्र बांधताना विचारला, तर स्टुलावरच्या माणसाला चारही पाय देता येतात.